‘मामावर गेलाय’: हिमोफिलिया, आईकडून येणारा वारसा आणि आमच्या घरातले तीन प्रश्न

रंकाळाकाठ | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार. गेली चार वर्षे मी इथे फक्त वाचत आले आहे, लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. तो रांगायला लागला तेव्हापासून त्याच्या गुडघ्यांवर नीळ पडायची आणि चालायला लागल्यावर त्या निळीखाली करवंदाएवढ्या गाठी हाताला लागू लागल्या. कान टोचले त्या दिवशी सोनारांनी दोनदा हळद दाबली, तरी रात्री उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसलेच. गेल्या महिन्यात खेळताना त्याने जीभ चावली आणि तीन दिवस रक्त झिरपत राहिले. तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासण्या करायला लावल्या. रक्त गोठवणाऱ्या आठव्या फॅक्टरचे प्रमाण एक टक्क्याहून कमी निघाले. निदान झाले ते तीव्र हिमोफिलिया ए असे.

अहवाल ऐकून सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘मामावर गेलाय.’ आपल्याकडे हे वाक्य कौतुकाचे असते, पण मला ते आरपार लागले, कारण माझा थोरला भाऊ माझ्या जन्माआधी, वयाच्या पाचव्या वर्षी गेला होता. त्याचा दुधाचा दात पडला आणि रक्त थांबलेच नाही. माहेरी त्याच्याबद्दल ‘त्याचं रक्त पातळ होतं’ यापलीकडे कुणी कधी बोलले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. हा आजार खरोखर माझ्याकडूनच मुलाला आला का, आणि आला असेल तर तो नेमका कसा येतो? माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळे पाहणे सुरू आहे, तर तिची तपासणी करावी का आणि समोरच्यांना सांगावे का? आणि तिसरा प्रश्न सासऱ्यांचा आहे. ते आयुष्यभर तालमीत घडले आहेत. नातू आखाड्यात उतरणार नाही हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगावे, हे मला समजत नाही.

सूक्ष्मदर्शी | रविवार, रात्री ११.२५

ताई, मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काम केले आहे, म्हणून सुरुवात ‘पातळ रक्त’ या शब्दापासून करतो. हिमोफिलियात रक्त पातळ नसते आणि ते इतरांपेक्षा वेगानेही वाहत नाही. ते जास्त वेळ वाहत राहते, एवढाच फरक असतो.

आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे उदाहरण घ्या. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे म्हणजे आडव्या फळ्या बसवतात आणि पाणी अडते. समजा, बरगे हातोहात पुढे पोचवायला माणसांची एक ओळ उभी आहे. रक्त गोठवणारे घटक, म्हणजे फॅक्टर, याच पद्धतीने एकमेकांना जागे करत जातात. आठवा घटक नवव्याला हात देतो आणि ते दोघे मिळून दहाव्याला कामाला लावतात. आठवा गैरहजर असेल तर तो हिमोफिलिया ए, नववा गैरहजर असेल तर हिमोफिलिया बी. दोन्हींत ओळ त्याच जागी तुटते, म्हणून दोन्हींची लक्षणे सारखी असतात. जखमेवर पहिल्या काही मिनिटांत बिंबिका म्हणजे प्लेटलेट जमतात, त्या या मुलांमध्ये उत्तम असतात. त्यामुळे साध्या खरचटण्याने फारसे काही होत नाही. मात्र ती वाळूच्या पोत्यांची तात्पुरती रास असते. मागून बरगे आले नाहीत की काही तासांनी ती वाहून जाते. दात पडल्यावर रक्त थांबल्यासारखे वाटते आणि मध्यरात्री पुन्हा सुरू होते, ते यामुळेच.

रक्त गोठायला लागणारा वेळ पीटी आणि एपीटीटी या दोन तपासण्यांत मोजतात. पीटी नॉर्मल, प्लेटलेट नॉर्मल आणि एपीटीटी लांबलेला, असे दिसले की आमच्या मनात हिमोफिलियाची शंका येते. मग कोणता घटक किती टक्के आहे ते मोजतात. एक टक्क्याहून कमी म्हणजे तीव्र, एक ते पाच टक्के मध्यम आणि पाच ते चाळीस टक्के सौम्य. सौम्य प्रकाराचा पत्ता कधी कधी चाळिशीत दाढ काढतानाच लागतो.

गुणसूत्र | सोमवार, सकाळी ७.१०

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आठव्या आणि नवव्या घटकांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. स्त्रीकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. स्त्रीच्या एका एक्सवरचे जनुक सदोष असले तरी दुसरे बहुतेक वेळा काम भागवते. अशा स्त्रीला वाहक म्हणतात. मुलाकडे एकच एक्स असतो आणि तो आईकडूनच आलेला असतो, म्हणून तोच सदोष निघाला तर बदली जनुक त्याच्याकडे नसते. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला हिमोफिलिया होण्याची शक्यता निम्मी असते आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मीच असते. ही शक्यता दर गरोदरपणाला नव्याने लागू होते. पहिल्या मुलाला आजार झाला म्हणून दुसरा सुटला, असा हिशेब नसतो.

हिमोफिलिया असलेल्या वडिलांच्या बाबतीत चित्र उलट आहे. मुलग्यांना ते वाय देतात, त्यामुळे आई वाहक नसेल तर मुलगे पूर्ण निरोगी असतात. मुलींना मात्र ते आपला एकमेव एक्स देतात, म्हणून त्यांच्या सगळ्या मुली वाहक असतातच. आजार एक पिढी लपतो आणि नातवात दिसतो, त्याचे कारण हेच.

‘मामावर गेलाय’ हे वाक्य मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण या आजाराचा वारसा त्यात अचूक बसतो. मामा आणि भाचा यांच्यामधला दुवा आई असते आणि ती स्वतः बहुधा निरोगी दिसते. ताई, तुमच्या भावाला हाच आजार होता असे धरले, तर तुमच्या आई वाहक होत्या आणि तुम्हीही आहात. पण दोन एक्सपैकी कोणता बीजांडात जावा हे कोणत्याही आईच्या हातात नसते. तुम्ही मुलाला हा आजार ‘दिला’ असे क्रियापद मी इथे वापरणार नाही.

शिरोळचा_वाटसरू | सोमवार, सकाळी ९.०२

मला स्पष्ट बोलायचे आहे. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे आणि असे आजार त्यातूनच घराघरांत पसरतात. तपासणी, सल्ला, औषधे या गोष्टी नंतरच्या आहेत. आधी नात्यातली लग्ने बंद व्हायला हवीत.

गुणसूत्र | सोमवार, दुपारी १.३०

वाटसरू दादा, तुमच्या काळजीचा मला आदर आहे, पण या आजाराला ते कारण लावता येत नाही. थॅलेसेमियासारख्या आजारांत आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक यावे लागते, म्हणून तिथे नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो. हिमोफिलियात मुलाला आजार व्हायला एकट्या आईकडचे जनुक पुरते. नवरा सख्ख्या नात्यातला असो की दूरच्या जिल्ह्यातला, मुलग्यापुरती शक्यता तेवढीच राहते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे आणि तो आपल्या रीतीशी थेट जोडलेला आहे. मामाला हिमोफिलिया असेल तर त्याची मुलगी नक्की वाहक असते. भाच्यालाही हिमोफिलिया असेल आणि त्या दोघांचे लग्न झाले, तर त्यांच्या मुलींपैकीही निम्म्यांना प्रत्यक्ष आजार होऊ शकतो, कारण वडिलांकडून सदोष एक्स येणारच आणि आईकडूनही तो येण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरात सोयरीक ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घेतलाच पाहिजे.

शिवाय सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाही हा आजार नसतो. जनुकातला बदल त्याच पिढीत नव्याने झालेला असतो. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या आधी त्या घराण्यात हिमोफिलियाची नोंद सापडत नाही. तिचा मुलगा लिओपोल्ड याला हा आजार होता, आणि तिच्या मुली-नातींमार्फत तो स्पेन व रशियाच्या राजघराण्यांत पोचला. रशियाच्या अखेरच्या झारचा मुलगा अलेक्सी याच्या अवशेषांची जनुकीय तपासणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा हा आजार हिमोफिलिया बी असल्याचे निश्चित झाले.

गंगावेस | सोमवार, रात्री ९.४८

हा धागा वाचून राहवले नाही. मी एक्कावन्न वर्षांचा आहे आणि मला तीव्र हिमोफिलिया ए आहे. माझा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही आणि पूर्ण सरळही होत नाही. तो असा का झाला ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मुलावर ती वेळ येणार नाही.

मी आठ वर्षांचा असताना गुडघा सुजला. लागलेले काहीच नव्हते. लचकला असेल असे समजून वडिलांनी मला मालीश करणाऱ्या एका नामांकित माणसाकडे नेले. त्यांनी खोबरेल तेल कोमट करून अंगठ्याने गुडघ्याच्या वाटीभोवती जोर लावला. त्या माणसाच्या हेतूत काही खोट नव्हती, त्या हातांनी कित्येक पैलवान बरे केले होते. पण माझ्या सांध्यात आत रक्त साचत होते आणि चोळण्याने ते आणखी वाढले. रात्री गुडघा नारळाएवढा झाला. कातडी ताणून चकाकत होती आणि पांघरुणाचा काठ लागला तरी मी ओरडत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मालीश झाली. असे वर्षातून चार-पाच वेळा, बाराव्या वर्षापर्यंत चालले. सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त आले की आतले अस्तर सुजून जाड होते, त्या जाड अस्तरातून आणखी सहज रक्तस्राव होतो आणि शेवटी कूर्चा झिजून जाते. हे मला कुणीतरी समजावून सांगेपर्यंत माझा गुडघा गेला होता.

म्हणून हात जोडून सांगतो, सूज आली की मालीश नको, शेकही नको. पाय उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, सांध्याला विश्रांती द्यावी आणि सगळ्यांत आधी फॅक्टर द्यावा. सूज दिसण्याची वाट पाहू नये. आम्हा रुग्णांना आधीच समजते. सांध्यात मुंग्या आल्यासारखे वाटते, आत ऊब जाणवते, किंचित आखडल्यासारखे होते. मोठा मुलगा ‘आत काहीतरी होतंय’ म्हणाला की त्यावर विश्वास ठेवा. ताई, तुमचा मुलगा अजून सांगू शकत नाही, म्हणून तो एक पाय टेकायचे टाळतो का, एका हाताने खेळणे उचलायचे सोडतो का, यावर लक्ष असू द्या.

पाटाचं_पाणी | मंगळवार, सकाळी ६.३५

गंगावेस काकांचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या मुलाला हिमोफिलिया बी आहे, तो आता पंधरा वर्षांचा आहे आणि त्याचे दोन्ही गुडघे शाबूत आहेत. याचे कारण एवढेच की त्याच्या वाट्याला काकांपेक्षा तीस-पस्तीस वर्षांनंतरचा काळ आला. आपल्या राज्यात शासकीय रुग्णालयांतून फॅक्टर विनामूल्य मिळतो. मी शिरेतून सुई द्यायला शिकलो आणि तेराव्या वर्षी मुलगा स्वतः शिकला.

मात्रेचा हिशेब डॉक्टरच ठरवतात, पण पालकांना तो समजला पाहिजे. आठव्या फॅक्टरचे एक युनिट दर किलो वजनामागे दिले की पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. चौदा किलोच्या मुलाची पातळी पन्नास टक्क्यांनी वाढवायची तर ३५० युनिट लागतील. नवव्याचे एक युनिट एकच टक्का वाढवते, पण ते जास्त वेळ टिकते. आठव्याचे प्रमाण आठ ते बारा तासांत निम्म्यावर येते, नवव्याचे साधारण अठरा ते चोवीस तासांत.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवतो ना? आमच्या गावाला पाण्याने वेढले होते, वीज गेली होती आणि महामार्ग बंद होता. फ्रीजमध्ये मुलाच्या चार कुप्या होत्या. फॅक्टर दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचा असतो, पण तो गोठूही द्यायचा नसतो. माळ्यावर बसून मी थर्माकोलच्या डब्यात तळाला बर्फ, त्यावर चौपदरी टॉवेल आणि त्यावर कुप्या अशी रचना केली आणि दर दोन तासांनी हात घालून पाहत होतो. दुसऱ्या रात्री बर्फ संपला. तेव्हा बायकोने खोक्यातला माहितीपत्रकाचा कागद कंदिलाच्या उजेडात वाचला आणि त्यात लिहिले होते की हे औषध ठरावीक मुदतीपर्यंत खोलीच्या तापमानातही ठेवता येते, फक्त बाहेर काढल्याची तारीख डब्यावर लिहायची आणि पुन्हा फ्रीजमध्ये टाकायचे नाही. चार वर्षे ते औषध वापरूनही तो कागद आम्ही कधी उलगडला नव्हता. प्रत्येक कंपनीची मुदत वेगळी असते, म्हणून ज्यांच्या घरी फॅक्टर आहे त्यांनी तो कागद आज वाचावा.

कागलची_लेक | मंगळवार, दुपारी ३.१५

ताई, सगळे तुमच्या मुलाबद्दल लिहीत आहेत. मला तुमच्याबद्दल विचारायचे आहे. तुमच्या स्वतःच्या फॅक्टरचे प्रमाण कुणी मोजले का?

माझ्या भावाला हिमोफिलिया ए आहे. मी वाहक आहे हे माहीत होते, पण ‘वाहकाला काही होत नाही’ असे मला सगळ्यांनी सांगितले होते. तेराव्या वर्षापासून माझी पाळी आठ-नऊ दिवस चालायची आणि रात्री दोनदा उठून कपडे बदलावे लागायचे. आई म्हणायची, ‘आपल्याकडे सगळ्यांचं असंच असतं.’ ते खरेच होते, कारण ती स्वतः आणि मावशी दोघीही वाहक आहेत. रक्त कमी म्हणून मला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. सव्विसाव्या वर्षी दाढ काढल्यावर रक्त चार दिवस थांबेना, तेव्हा तपासणी झाली आणि माझी पातळी अठ्ठावीस टक्के निघाली. म्हणजे मी नुसती वाहक नव्हते, मला सौम्य हिमोफिलिया होता.

स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स कामात असतो आणि दुसरा निष्क्रिय होतो. कोणता निष्क्रिय व्हावा हे पेशीगणिक ठरते, म्हणून एका वाहक बहिणीची पातळी सत्तर टक्के तर दुसरीची पंचवीस असू शकते. गरोदरपणात आठव्या फॅक्टरचे प्रमाण बहुधा वाढते, पण बाळंतपणानंतर ते पुन्हा खाली येते आणि त्या दिवसांत जास्त रक्तस्राव होण्याची भीती असते. नववा फॅक्टर तितका वाढत नाही. तुमची शस्त्रक्रिया, दात काढणे किंवा दुसरे बाळंतपण होण्याआधी ही तपासणी करून घ्याच.

शिरोळचा_वाटसरू | मंगळवार, रात्री ८.२०

गुणसूत्र ताई, तुमचे म्हणणे मी दोनदा वाचले. हिमोफिलियाबाबत माझी समजूत चुकीची होती, हे मान्य करतो.

बहिणीच्या प्रश्नावर मात्र माझे मत ठाम आहे. स्थळाला पहिल्याच बैठकीत सगळे सांगावे. नंतर कळले तर विश्वास तुटतो आणि त्याचा त्रास त्या मुलीलाच होतो.

कागलची_लेक | मंगळवार, रात्री ९.०५

दादा, सांगावे हे खरे, पण आधी सांगण्यासारखे काही आहे का ते कळू द्या. बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, म्हणजे नसण्याचीही तेवढीच आहे. तपासणीआधीच बातमी फुटली तर ती वाहक नसली तरी तिच्या नावामागे ते कायमचे लागेल. माझ्या लग्नाच्या वेळी तीन स्थळे फक्त ‘भावाला काहीतरी आहे’ एवढ्यावर परत गेली. चौथ्या ठिकाणी मी अहवाल हातात घेऊन मुलाशी स्वतः बोलले. त्याने विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘तुला दात काढताना त्रास होतो का?’ त्याच्याशीच माझे लग्न झाले.

आणि हे बोलणे बहिणीने स्वतः करावे, वडीलधाऱ्यांनी परस्पर नव्हे, असे मला मनापासून वाटते.

पांढरा_कोट | बुधवार, सकाळी ११.५०

मी वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. वरच्या माहितीत थोडी भर घालतो.

बहिणीच्या तपासणीबद्दल: फॅक्टरची पातळी नॉर्मल आली म्हणून ती वाहक नाही असे ठरत नाही, कारण अनेक वाहकांची पातळी नॉर्मल असते. त्यासाठी जनुकीय तपासणी लागते आणि ती मुलापासून सुरू करणे सोयीचे असते. आधी त्याच्या जनुकात नेमका कोणता बदल आहे ते शोधतात, मग तोच बदल आई आणि मावशीत आहे का ते पाहतात. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या चाळीस-पंचेचाळीस टक्के रुग्णांत जनुकाचा एक ठरावीक भाग उलटा फिरलेला असतो, म्हणून शोध तिथूनच सुरू करतात. मुंबईत केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या तपासण्या होतात. पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात होऊ शकते. लिंगनिदानाला कायद्याने बंदी आहे, पण अशा लिंगसंलग्न आनुवंशिक आजारांसाठीच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात तोच कायदा परवानगी देतो.

उपचारांबद्दल: तीव्र प्रकारात रक्तस्राव झाल्यावर फॅक्टर देण्यापेक्षा तो होऊ नये म्हणून नियमित देणे सांध्यांसाठी जास्त हिताचे असते. हिमोफिलिया एसाठी एमिसिझुमॅब हे औषध २०१७ पासून वापरात आले. ते आठव्या फॅक्टरची जागा भरून काढते, म्हणजे नवव्याचा आणि दहाव्याचा हात एकमेकांच्या हातात देते. ते कातडीखाली, आठवड्याने, दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने देता येते, म्हणून लहान मुलांच्या शिरा शोधायच्या यातना वाचतात. आपल्या मुलाला ते मिळू शकेल का, हे केंद्रात जरूर विचारा. फॅक्टर घेणाऱ्यांत एक अडचण उद्भवते. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या सुमारे तीस टक्के रुग्णांचे शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, त्यांना इनहिबिटर म्हणतात. पूर्वीइतका फॅक्टर देऊनही रक्त थांबेना झाले तर ही तपासणी मागून घ्यावी.

जनुकीय उपचारांत आपल्या देशानेही मोलाचे काम केले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या पाच रुग्णांच्या स्वतःच्या मूलपेशींत आठव्या फॅक्टरचे जनुक घालून त्या परत दिल्या गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, त्यांच्यावर लक्ष ठेवलेल्या काळात पाचांपैकी कुणालाही रक्तस्राव झाला नाही. ही अजून प्रयोगाच्या टप्प्यातली गोष्ट आहे, पण मी ते वाचले तेव्हा मला फार आनंद झाला.

आणि एक कळकळीची विनंती. ताप आला म्हणून कमरेत किंवा दंडात इंजेक्शन घेऊ नका, कारण स्नायूत रक्त साचते. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांऐवजी पॅरासिटामॉल द्या. लसीकरण चुकवू नका. बारीक सुईने, शक्यतो कातडीखाली लस घ्या आणि नंतर ती जागा पाच-दहा मिनिटे चोळता नुसती दाबून ठेवा. डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसले तरी आधी फॅक्टर द्या, स्कॅन त्यानंतर.

पांढरा_कोट | बुधवार, सकाळी ११.५८

वर एक शब्द राहिला, त्याने अर्थच उलटा होतो. ‘न चोळता नुसती दाबून ठेवा’ असे वाचावे.

लाल_माती | बुधवार, रात्री ९.३०

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. मी सत्तर वर्षांचा आहे, तरुणपणी खासबागेच्या मैदानात लढलो आहे आणि माझ्या मुलीच्या मुलाला हिमोफिलिया आहे. तुमच्या सासऱ्यांच्या जागी मी उभा राहून आलो आहे.

नातवाचे निदान झाले तेव्हा तो दोन वर्षांचा होता. मी त्याच्यासाठी लंगोट शिवून ठेवला होता, तो महिनाभर पेटीतून बाहेर काढवला नाही. मला राग आजाराचा नव्हता, मुलीचा येत होता. हे आज लिहितानाही वाईट वाटते, पण ते खरे आहे. एकदा रात्री नातवाच्या कोपरात रक्त आले आणि मुलगी त्याला मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसली. पाणी प्यायलाही हलली नाही, कारण हलले की तो कळवळायचा. त्यानंतर माझ्या मनातला राग गेला.

कुस्ती, कबड्डी, फुटबॉल ही मुले खेळू शकत नाहीत, हे खरे आहे. आपल्या पेठांत फुटबॉलचे वेड किती आहे ते सांगायला नको, तेव्हा नकार ऐकणे मुलांना जड जाते. पण आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला विचारले, ‘आजोबा, स्नायू मजबूत करायला तुम्ही आम्हाला शिकवणार की आम्ही तुम्हाला?’ स्नायू बळकट असले की सांध्याला आधार मिळतो आणि रक्तस्राव कमी होतो, हे त्यांनी मला दाखवले. जोर-बैठका डॉक्टरांनी आमच्या नातवाला बंद ठेवल्या आहेत, पण पोहणे, सायकल, चालणे आणि बाईंनी नेमून दिलेले व्यायाम मी त्याच्याकडून रोज करून घेतो, आदल्या दिवशी सांधा दुखला असेल तर सोडून. आता तो अकरा वर्षांचा आहे आणि तलावात मला मागे टाकतो. खुराकही तोच, पहाटेचे दूध आणि बदाम. वजन मात्र वाढू देत नाही, कारण गुडघ्यांवर भार येतो.

तुमच्या सासऱ्यांना सांगताना ‘नातू पैलवान होणार नाही’ इथून सुरुवात करू नका. ‘याच्या व्यायामाची जबाबदारी तुम्ही घ्याल का’ असे विचारा. त्यांना हवे असेल तर मी येऊन बोलेन.

रंकाळाकाठ | शनिवार, रात्री १०.१५

सगळ्यांची मनापासून ऋणी आहे. प्रत्येक प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला आहे.

गुरुवारी सीपीआर या इथल्या शासकीय रुग्णालयात जाऊन मुलाची नोंदणी केली. हिमोफिलिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे हे तिथे समजले, त्याच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज दिला आहे. माझीही पातळी मोजली, ती एक्केचाळीस टक्के आली. डॉक्टर म्हणाले की सध्या चिंता नाही, पण कोणत्याही शस्त्रक्रियेआधी सांगत जा.

सासऱ्यांना लाल माती आजोबांचे लिखाण वाचायला दिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि ते पुन्हा वाचले. बोलले काहीच नाहीत. काल संध्याकाळी ते नातवाला पाण्याच्या टबमध्ये बसवून पाय मारायला शिकवत होते. आजोबा, तुमचा निरोप त्यांना दिला आहे. ते म्हणतात, रविवारी सकाळी आले तर बरे होईल.

सासूबाईंना मी जुन्या दिनदर्शिकेच्या मागे चौकोन आणि गोल काढून वंशावळ समजावून सांगितली. त्या शांतपणे ऐकत राहिल्या आणि माझ्या आईच्या गोलावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘म्हणजे विहीणबाईंनाही हे ठाऊक नव्हतं.’ मग त्यांनी स्वतःच माझ्या आईला फोन लावला.

आईने त्या दिवशी तेहतीस वर्षांत पहिल्यांदा भावाबद्दल मोकळेपणाने सांगितले. त्या रात्री तिने त्याच्या तोंडात तुरटीचा बोळा धरला होता आणि पहाटे दवाखान्याच्या पायरीवर तो तिच्या खांद्यावरच होता. आजाराला नाव आहे हे ऐकून तिने एकच विचारले, ‘मी दात जोरात ओढला म्हणून गेला नाही ना तो?’ मी नाही म्हणाले. तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही, म्हणून गुणसूत्र ताई आणि सूक्ष्मदर्शी काका, तुमचे दोन्ही प्रतिसाद मी तिला फोनवर अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवले. बरग्यांची ओळ तिला लगेच समजली. आमचे माहेर नदीकाठचे आहे.

बहीण तपासणीला तयार आहे. तिने स्थळांना दोन महिने थांबायला सांगितले आहे आणि अहवाल काहीही आला तरी बोलणे ती स्वतःच करणार आहे. मुलाचा, माझा आणि तिचा नमुना द्यायला आम्ही मंगळवारी मुंबईला जाणार आहोत.

गंगावेस | शनिवार, रात्री १०.३२

ताई, मंगळवारी मुंबईला निघताना फॅक्टरची एक कुपी, सुई आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. लहान मूल प्रवासात कुठेही धडपडते.